सिद्धान्त हाताशी घेऊन साहित्य वाचताना: या चुका टाळा

मनोविश्लेषण, स्त्रीवाद किंवा सांस्कृतिक समीक्षेच्या अंगाने लिहिलेला निबंध फसला आहे का, हे तपासायची एक साधी युक्ती आहे. त्यातल्या कादंबरीचं नाव खोडा आणि दुसऱ्या एखाद्या कादंबरीचं घाला. निबंध तसाच्या तसा चालून गेला, तर तुम्ही लिहिलाय तो सिद्धान्ताचा सारांश. पुस्तक त्यात आलेलंच नाही. बाकीच्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं. उत्तर आधी ठरतं, उतारे मागाहून शोधले जातात.

शब्द न तपासता अर्थ लावणं

ही चूक खुद्द मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या फ्रॉइडकडून झाली. लिओनार्दो दा विंचीने बालपणीची एक आठवण लिहून ठेवली आहे: पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्याने शेपटीने त्याचं तोंड उघडलं. १९१० सालच्या निबंधात फ्रॉइडने हा पक्षी गिधाड धरला, कारण जर्मन भाषांतरात तसं होतं. मग गिधाडाच्या डोक्याची इजिप्शियन मातृदेवता आली आणि तिच्यावरून लिओनार्दोच्या आईबद्दलची मांडणी आली. मूळ इटालियन शब्द मात्र ‘निब्बिओ’, म्हणजे घार. मायर शपिरो या कला-इतिहासकाराने १९५६ साली या निबंधाची बारकाईने चिकित्सा केली. पाळणा, शेपूट, तोंड हे तपशील आजही विचार करायला लावतात, पण देवतेचा सगळा डोलारा घारीवर उभा राहत नाही. तेव्हा अनुवाद वाचून एखाद्या शब्दावर भार टाकणार असाल, तर आधी मूळ शब्द शोधा. ते जमत नसेल तर त्या शब्दावर निष्कर्ष बांधू नका.

पात्राला रुग्ण समजणं

शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॅम्लेटला नाटकाबाहेरचं बालपण नाही. त्याच्या लहानपणी काय घडलं असेल याचा अंदाज बांधणं म्हणजे न लिहिलेलं नाटक वाचणं. लेखकाच्या चरित्राचा टेकूही असाच कच्चा. वडिलांच्या खुनाचा सूड घेण्यात हॅम्लेट जी दिरंगाई करतो, तिचा संबंध फ्रॉइडने शेक्सपिअरच्या वडिलांच्या मृत्यूशी जोडला होता. पुढे ही नाटकं स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरची आहेत यावरचा त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला! नेणीव, म्हणजे मनाचा नकळत काम करणारा भाग, शोधायची तर ती मजकुरात शोधा: कोणती प्रतिमा पुन्हापुन्हा येते, निवेदक कुठे अडखळतो, कोणती गोष्ट सांगायची टाळतो.

एका वाचनावर थांबणं

लेखिका स्त्री, नायिका करारी, म्हणून कादंबरी स्त्रीवादी, एवढ्यावर थांबणारे निबंध मी खूप वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळलो आहे. शार्लट ब्राँटीची १८४७ सालची ‘जेन एअर’ घ्या. नायिका जेन ज्याच्या प्रेमात पडते, त्या रॉचेस्टरची पहिली बायको बर्था माळ्यावर कोंडलेली आहे. १९७९ साली सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबर या स्त्रीवादी समीक्षकांनी तिच्यात जेनचाच दाबलेला संताप पाहिला. फार मोलाचं वाचन होतं ते. पण बर्था जमैकाहून, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतून आलेली आहे. १९८५ साली समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी दाखवून दिलं की इंग्लिश नायिका ‘व्यक्ती’ म्हणून उभी राहते, तेव्हा वसाहतीतल्या या स्त्रीचा बळी जातो.

आता पुस्तकाकडे परत या. बर्थाच्या तोंडी थेट असं एकही वाक्य नाही; तिची कहाणी तिला कोंडणारा नवरा सांगतो. जेनला स्वतंत्र करणारे २०,००० पौंड मदिरा बेटावरच्या काकाकडून येतात आणि हा काका बर्थाच्या माहेरच्या व्यापारी पेढीचा तिथला प्रतिनिधी असतो. दोघींचं नशीब एकाच व्यापाराच्या धाग्याने बांधलेलं आहे. हा तपशील सापडतो तेव्हा लिंगभाव आणि साम्राज्य यांचे वेगवेगळे परिच्छेद पाडायची गरज उरत नाही. सांस्कृतिक वाचनात हमखास होणारी चूकही इथे दुरुस्त होते: सुरुवातीला दोन पानं इतिहास लिहायचा आणि पुढे त्याचं नावही काढायचं नाही. इतिहास कथेतल्या पैशात, घराच्या रचनेत, कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं यात दिसला पाहिजे.

परिभाषेमागे लपणं

‘दमन’, ‘पुरुषी नजर’, ‘वर्चस्व’ हे शब्द खोडून वाक्य पुन्हा लिहून पाहा. काही उरलं नाही, तर मुळात काही म्हटलेलंच नव्हतं. उरलं, तर शब्द खुशाल परत घाला.

न जुळणारा उतारा गाळणं

मला ही चूक सगळ्यात जास्त खटकते, कारण ती जाणूनबुजून होते. तुमच्या मांडणीला छेद देणारा प्रसंग टिपून ठेवा आणि निबंधात त्याला जागा द्या. ‘जेन एअर’ला फक्त मुक्तीची कथा म्हणणाऱ्याने शेवटचं पान उघडावं: कादंबरी जेनवर संपत नाही, भारतात धर्मप्रसाराला गेलेल्या तिच्या नात्यातल्या सेंट जॉनच्या शब्दांवर संपते. ते शब्द तिथे का आहेत, हा प्रश्न घेऊन निबंधाचा पुढचा परिच्छेद लिहायला बसा.