नागपूरहून पचमढी: धबधबे बघायला जाताना

पचमढीचे धबधबे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहेत, त्यामुळे थंड हवेच्या इतर ठिकाणांसारखं स्वतःची गाडी घेऊन हवं तिथे जाता येत नाही. बेत आखतानाच हे धरून चाला, नाहीतर पहिला दिवस फुकट जातो.

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा, सुमारे २५० किलोमीटर. वाटेत सिल्लेवानीचा आणि तामियाचा घाट लागतो, म्हणून सहा-सात तास धरा. टाकी छिंदवाड्यातच भरून घ्या. रेल्वेने जायचं तर इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरियाला उतरा आणि पुढे बस किंवा जीप घ्या.

पोचल्यावर आधी बायसन लॉज (वन विभागाचं ठिकाण, मुक्कामाचं लॉज नव्हे) गाठा. जंगलातल्या पॉइंटांचा परवाना आणि जिप्सी (उघडी जीप) तिथे मिळते. मूळ ओळखपत्र आणि रोख रक्कम जवळ ठेवा. एका जिप्सीत सहा जण बसतात, माणसं कमी असतील तर रांगेतच दुसरं कुटुंब जोडून घेता येतं. सुट्टीच्या दिवशी उशिरा गेलात तर जिप्सी उरत नाही, म्हणून सकाळी काउंटर उघडायच्या आधीच उभे राहा. क्रम असा ठेवा: सकाळी बी फॉल, दुपारी अप्सरा विहार आणि तिथून रजत प्रपात, सूर्यास्ताला धूपगड. धूपगड सुमारे १,३५० मीटर उंच, सातपुड्यातलं सर्वांत उंच टोक. संध्याकाळी वर वारा बोचतो, स्वेटर लागतोच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. पाणी भरपूर असतं आणि वाटा वाळलेल्या असतात. मे महिन्यात रजत प्रपाताची नुसती धार उरते. श्रावणात नागपंचमीच्या आसपास नागद्वारची यात्रा भरते आणि विदर्भातून लोकांची रीघ लागते. फक्त धबधबे बघायचे असतील तर ते दिवस टाळा, खोली मिळणं मुश्कील असतं.

आता पाण्याबद्दल, कारण अपघात इथेच होतात. इथला खडक वालुकाश्म आहे. पाण्याच्या कडेला त्यावर काळपट हिरवं, पातळ शेवाळ धरतं, वरून ते नुसतं ओलं वाटतं. चकाकणाऱ्या दगडावर पाय टाकूच नका. कोरड्या, खरखरीत दगडावर पूर्ण तळवा टेकवून पुढे जा. चपला-सँडलपेक्षा खोल नक्षीच्या तळव्याचे बूट बरे. बी फॉलला शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, चढताना दम लागतो.

कुंडात उतरला असाल आणि पाणी अचानक गढूळ झालं, वाळकी पानं-काड्या वाहून येऊ लागल्या, तर सामान सोडून आधी काठावर चढा. पाऊस तुमच्या डोक्यावर नसतो, वर पठारावर पडलेला असतो, आणि अरुंद घळीत लोंढा काही मिनिटांत येतो. कुंडात सूर मारू नका, तळाचे दगड दिसत नाहीत. साबण-शाम्पूही नको: बी फॉलच्याच ओढ्याचं पाणी गावाला प्यायला जातं.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, सिगारेट पेटवू नका. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान झाकून लांब निघून जा. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीवरच झेप घेतात, डबा सॅकच्या आत ठेवा.

परतताना दुपारी बाराच्या आत निघा. दोन्ही घाट उजेडात उतरलेले बरे.