डेबियन सर्व्हरवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायचंय? पोस्टग्रेस १६ चं उदाहरण घेऊन सगळी प्रोसेस

सॉफ्टवेअरवाला फोनवर सांगून मोकळा होतो की "सर्व्हरवर पोस्टग्रेस १६ टाकून ठेवा, आमचा माणूस सोमवारी येईल", आणि मग सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो की भोसरीतलं वर्कशॉप, ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. तो माणूस तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. पोस्टग्रेस म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, आणि डेबियन म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. मी डेबियन १३ धरून लिहितोय, उबुंटू सर्व्हर असेल तरी नव्वद टक्के हेच. आणि कमांड आपण तोंडाने बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या.

पहिलं म्हणजे बाहेरून आणायची खरंच गरज आहे का ते विचारा. डेबियन १३ च्या स्वतःच्या रेपोत (पॅकेजेसच्या ऑनलाईन भांडारात) पोस्टग्रेस १७ आहे, डेबियन १२ मध्ये १५ होतं. सॉफ्टवेअरवाल्याला सरळ विचारा, १७ वर चालतं का? बऱ्याचदा उत्तर "चालेल की" असंच येतं, आणि मग एका ओळीत 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल' केलं की विषय संपला, पुढची अर्धी कटकट तुमची नाहीच. डेबियनच्या स्टेबलमध्ये, म्हणजे पक्क्या आवृत्तीत, गोष्टी उशिरा येतात म्हणून लोक नाकं मुरडतात पण त्या उशिराचा फायदा असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लायब्ररीत कोणीतरी पद्धतशीर मागचा दरवाजा घुसवलेला सापडला, तो डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत पोचला होता पण स्टेबलमध्ये आला नव्हता. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएचला (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय याच्या मागे लागून, आणि गंमत म्हणजे ते पोस्टग्रेसचेच डेव्हलपर.

पण समजा सॉफ्टवेअरवाला अडूनच बसला की आम्ही टेस्टिंग फक्त १६ वर केलंय. ठीक. मग बाहेरचा रेपो आलाच.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रेपो जोडणं म्हणजे एक पॅकेज घेणं नाही, त्या रेपोवाल्याला तुमच्या मशीनवर रूटचे (सगळे अधिकार असलेल्या युझरचे) अधिकार देणं आहे, कारण पॅकेजबरोबर स्क्रिप्ट येऊ शकतात आणि त्या इन्स्टॉल होताना रूट म्हणूनच चालतात, आजही आणि पुढच्या प्रत्येक अपडेटलाही. म्हणून रेपो कोणाचा, सही कोणाची आणि ती सही तपासायची 'की' (किल्ली) तुमच्याकडे कुठून आली, हे तीन प्रश्न आधी. नेटवर जुन्या गाईडमध्ये 'ॲप्ट की ॲड' अशी कमांड दिसेल, ती विसरा. त्या पद्धतीत एकदा टाकलेली की सगळ्याच रेपोंसाठी चालायची, म्हणजे उद्या कुठल्यातरी फुटकळ रेपोची की डेबियनच्या नावाने आलेल्या पॅकेजलाही पास करणार. डेबियन १३ मध्ये ती कमांडच काढून टाकलीय. आता की ठेवायची ईटीसीच्या आत ॲप्ट, त्याच्या आत कीरिंग्ज नावाच्या फोल्डरमध्ये, आणि रेपोच्या फाईलमध्ये 'साईन्ड बाय' लिहून सांगायचं की ही की फक्त ह्याच रेपोची. आणि "ही ओळ पेस्ट करा, कर्लने स्क्रिप्ट उतरेल आणि सुडो बॅशमध्ये जाईल" असं कोणी सांगितलं तर निदान ती स्क्रिप्ट आधी फाईलमध्ये उतरवून वाचा तरी.

पोस्टग्रेसच्या बाबतीत आपलं नशीब चांगलंय. पोस्टग्रेसवाल्यांचा स्वतःचा ॲप्ट रेपो आहे, त्याला पीजीडीजी म्हणतात, आणि तो जोडायची स्क्रिप्ट डेबियनच्याच 'पोस्टग्रेएसक्यूएल डॅश कॉमन' या पॅकेजमध्ये येते. म्हणजे की सुद्धा डेबियनच्या सहीखालून येते, कुठल्या अनोळखी वेबपेजवरून नाही. ते पॅकेज टाका, मग यूएसआर, शेअर, पोस्टग्रेएसक्यूएल कॉमन, पीजीडीजी अशा फोल्डरात जा, तिथे ॲप्ट डॉट पोस्टग्रेएसक्यूएल डॉट ओआरजी डॉट एसएच आहे, ती सुडोने चालवा. ती विचारेल की पुढे जाऊ का, एंटर मारा. बाकीच्या नामांकित सॉफ्टवेअरसाठी डेबियनमध्ये एक्स्ट्रेपो नावाचं छोटं टूल आहे, बऱ्याच बाहेरच्या रेपोंच्या की त्याच्या यादीत तपासलेल्या असतात, हाताने खटाटोप करायच्या आधी त्यात शोधा. आणि उबुंटूचा पीपीए (उबुंटूसाठी कोणीही बनवलेला रेपो) डेबियनवर लावू नका, कधीच नाही, लायब्ररींची व्हर्जन जुळत नाहीत आणि दोन वर्षांनी अपग्रेड करताना रडायची वेळ येते.

रेपो जोडला की लगेच इन्स्टॉल मारू नका. 'ॲप्ट अपडेट' करा आणि मग 'ॲप्ट कॅश पॉलिसी पोस्टग्रेएसक्यूएल डॅश १६'. कॅन्डिडेट म्हणून काय दिसतंय आणि ते कुठून येतंय हे तिथे कळतं. साध्या रेपोला ५०० प्रायॉरिटी असते, दोन रेपो ५०० वर असले की ज्याचं व्हर्जन मोठं तो जिंकतो. म्हणजे लिबपीक्यू (पोस्टग्रेसशी बोलायला लागणारी) सारख्या लायब्ररी पण आता पीजीडीजीकडून यायला लागतील, ह्या रेपोबाबत ते चालतं, पण एखादा कमी ओळखीचा रेपो असेल तर ईटीसी, ॲप्ट, प्रेफरन्सेस डॉट डी मध्ये फाईल करून त्याला १०० वर खाली आणा, म्हणजे डेबियनकडे असलेली पॅकेजेस तो परस्पर बदलणार नाही.

आता इन्स्टॉल, आणि इथे नंबर विसरायचा नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल डॅश १६'. नुसतं पोस्टग्रेएसक्यूएल लिहिलंत तर ते मेटा पॅकेज आहे, सगळ्यात नवीन व्हर्जन ओढून आणेल, आणि पुढच्या वर्षी अजून नवीन आलं की तेही आणेल. डेबियनवर प्रत्येक मेजर व्हर्जनचं वेगळं क्लस्टर (स्वतःचा डेटा आणि पोर्ट असलेला वेगळा पोस्टग्रेस) असतं, पहिलं ५४३२ पोर्टवर, दुसरं गुपचूप ५४३३ वर. मग सॉफ्टवेअरवाला म्हणतो डेटा दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता पोस्टग्रेस तर चालू आहे, दोघंही खरं बोलत असतात. 'पीजी एलएस क्लस्टर्स' ही कमांड चालवायची सवय लावा, कुठलं व्हर्जन, कुठल्या पोर्टवर, डेटा कुठे, सगळं एका ओळीत.

कॉन्फिगरेशन. फाईल ईटीसी, पोस्टग्रेएसक्यूएल, १६, मेन इथे असतात. मोठ्या पोस्टग्रेएसक्यूएल डॉट कॉन्फला हात लावायची गरज नाही, शेजारी कॉन्फ डॉट डी फोल्डर आहे, त्यात ऑफिस डॉट कॉन्फ अशी आपली फाईल करा आणि फक्त बदललेल्या ओळी त्यात लिहा. हीच सवय बाकीच्या पॅकेजेसनाही लावा, कारण अपडेटच्या वेळी कळतं. पॅकेजची मूळ फाईल तुम्ही बदललेली असली की डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबून विचारतं की तुमची ठेवू की नवीन टाकू, घाईत चुकीचं दाबलं की मेहनत पाण्यात. कधी विचारलंच तर आधी डी दाबून फरक बघा आणि काहीच कळलं नाही तर एन, म्हणजे जुनी राहते. सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिससाठीही तेच, मूळ युनिट फाईल न बदलता 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा, ते ओव्हरराईडची वेगळी फाईल करतं.

त्या ऑफिस डॉट कॉन्फमध्ये काय लिहायचं तर फार काही नाही. शेअर्ड बफर्स मुळात १२८ एमबी असतात, मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या पावपट करा, ८ जीबी असेल तर २ जीबी. लिसन ॲड्रेसेस मुळात लोकलहोस्ट आहे, म्हणजे बाकीच्या टेबलांवरच्या पीसींना दिसणार नाही, तिथे लोकलहोस्टबरोबर सर्व्हरचा ऑफिसमधला आयपी द्या. ह्या दोन्हीसाठी रीस्टार्ट लागतो. मग पीजी एचबीए डॉट कॉन्फमध्ये एक ओळ, कुठला डेटाबेस, कुठला युझर, १९२.१६८.१.०/२४ (तुमच्या राउटरचं जे असेल ते), आणि शेवटी स्क्रॅम डॅश एसएचए डॅश २५६. ह्याला रीलोड पुरतो. सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस तिथे 'ट्रस्ट' लिहायला सांगेल, कारण मग पासवर्डची भानगड नको. ट्रस्ट म्हणजे नेटवर्कवरचा कोणीही, पासवर्डशिवाय, आत. चहा पाजा पण ट्रस्ट लिहू देऊ नका.

डेटाबेस करताना एक गोष्ट जी इंग्रजी गाईडमध्ये मिळणार नाही. ग्राहकांची नावं मराठीत असतील तर क्रम कसा लागतो ते आधीच ठरवा, कारण नेहमीच्या इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) ळ हे ल च्या मागोमाग येतं आणि क्ष क मध्ये जाऊन बसतो, मग यादी बघून साहेब विचारतात हे काय लावलंय. 'क्रिएट डीबी' ला लोकेल प्रोव्हायडर आयसीयू (भाषेप्रमाणे क्रम लावणारी लायब्ररी), आयसीयू लोकेल एमआर डॅश आयएन आणि टेम्प्लेट शून्य असं द्या, मग ळ ह च्या पुढे जातं, मुळाक्षरांत आहे तसं. हे डेटा भरल्यावर बदलणं फार त्रासाचं आहे, म्हणून आत्ताच. जुना डेटा श्रीलिपीसारख्या नॉन युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर हे सगळं व्यर्थ, आधी तो युनिकोडमध्ये आणा.

फायरवॉल थोडक्यात. यूएफडब्ल्यू टाका, आधी २२ पोर्ट अलाऊ करा (नाहीतर एनेबल केल्याक्षणी एसएसएचमधून स्वतःच बाहेर), मग ५४३२ फक्त ऑफिसच्या रेंजला, मग एनेबल. बाहेरून लागत असेल तर व्हीपीएन, राउटरवर ५४३२ उघडू नका. आणि ह्याच मशीनवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर लक्षात ठेवा, डॉकरने पब्लिश केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडं राहतं, यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये ते दिसत सुद्धा नाही.

राहता राहिलं त्या सॉफ्टवेअरवाल्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, ते बहुतेक टार फाईल म्हणून पेन ड्राईव्हवर येतं. ते ऑप्टमध्ये त्याच्या नावाच्या फोल्डरात ठेवा, यूएसआर बिनमध्ये टाकू नका, ती जागा पॅकेज मॅनेजरची आहे. त्यासाठी 'ॲडयुझर डॅश डॅश सिस्टम डॅश डॅश ग्रुप' करून वेगळा युझर करा, रूट म्हणून चालवू नका, आणि सिस्टमडीची छोटी युनिट लिहा ज्यात युझर, रीस्टार्ट ऑन फेल्युअर, आणि आफ्टर मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल सर्व्हिस एवढं तरी असेल. पायथनचं काही असेल तर पिप थेट चालणारच नाही, डेबियन १२ पासून सिस्टमचा पायथन बाहेरून बदलू देत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. ब्रेक सिस्टम पॅकेजेस असा फ्लॅग द्या म्हणून एरर मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, नाव वाचूनच कळतं काय होईल.

अपडेटचं सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते असं. अनअटेंडेड अपग्रेड्स चालू केलं म्हणजे सगळं आपोआप अपडेट होतं असं वाटतं, पण ते मुळात फक्त डेबियनच्या रेपोंना ओळखतं, तुम्ही जोडलेल्या बाहेरच्या रेपोला नाही. म्हणजे कर्नल ताजं आणि ज्यात सगळा हिशोब आहे तो पोस्टग्रेस वर्षभर शिळा. पॅकेजचं नाव न देता नुसतं 'ॲप्ट कॅश पॉलिसी' चालवलं की आउटपुटमध्ये रेपोचा ओरिजिन दिसतो, तो '५० अनअटेंडेड अपग्रेड्स' नावाच्या फाईलच्या ओरिजिन्स पॅटर्नमध्ये टाका. पोस्टग्रेसची छोटी अपडेट्स फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर यांच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. आपोआप अपडेटचा टायमर सकाळी सहा ते सातच्या मध्ये कधीतरी चालतो, पण सर्व्हर रात्री बंद करत असाल तर तो सकाळी दहाला मशीन चालू केल्यावर चालेल, आणि अपडेटला डेटाबेस रीस्टार्ट होतो, म्हणजे ऐन बिलिंगच्या वेळी दोन मिनिटं सगळे ओरडणार. रात्री चालू ठेवा.

गुरुवारवरून आठवलं, पुण्यात देखभालीसाठी लाईट जायचा वारही हाच, त्यामुळे यूपीएस नुसता असून उपयोग नाही, बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद व्हायला हवं. एनयूटी नावाचं पॅकेज डेबियनमध्येच आहे, यूएसबी केबलवाला यूपीएस असेल तर ते हे काम करतं. पोस्टग्रेस अचानक बंद झाला तरी लॉगवरून स्वतःला सावरतो, अट एकच, स्पीड वाढेल म्हणून कोणी एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर लिहिला गेल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद केलेलं नसावं. सोमवारच्या आधी एकदा मुद्दाम रीबूट करून बघा की दोन्ही सर्व्हिस आपोआप उठतायत.

बॅकअपला 'पीजी डंप' कस्टम फॉरमॅटमध्ये रोज रात्री, आणि तो दुसऱ्या मशीनवर जायला हवा, त्याच डिस्कवर ठेवलेला बॅकअप धरू नका. महिन्यातून एकदा रिकामा डेटाबेस करून 'पीजी रीस्टोअर' मारून बघा.

१६ ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत अपडेट मिळतील, त्याआधी वर जायचंय. तेव्हा पोस्टग्रेएसक्यूएल डॅश १७ (किंवा जे असेल ते) इन्स्टॉल केलं की रिकामं १७ मेन क्लस्टर आपोआप तयार होतं, ते आधी 'पीजी ड्रॉप क्लस्टर डॅश डॅश स्टॉप १७ मेन' करून उडवायचं आणि मग 'पीजी अपग्रेड क्लस्टर १६ मेन'. पहिल्या कमांडमध्ये १७ च्या जागी १६ टाईप झालं तर ते काहीही न विचारता चालू डेटा उडवतं, म्हणून त्या दिवशी ताजा डंप घेऊनच बसा आणि एंटरच्या आधी शेजारच्याला आकडा मोठ्याने वाचायला लावा. जुनं क्लस्टर अपग्रेडनंतर बंद अवस्थेत तसंच राहतं, त्याला महिनाभर हात लावू नका, मार्चएंडचा हिशोब नव्यावर जुळला की मग काढा.