भेग दातांपाशीच का पडते?

शाडूच्या मातीत घडवलेल्या लांडग्याच्या पहिल्या कवटीवर मी सहा आठवडे बसले आणि ती एका दुपारीत गेली. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रा. एम-सीलचे दात आधी कडक करून घेतले होते, ते ओल्या शाडूच्या जबड्यात एकेक करून घट्ट रोवले. चार वाजता बघते तर वरच्या सुळ्यापासून डोळ्याच्या खोबणीपर्यंत उभी भेग.

पुढच्या दोन कवट्याही तशाच गेल्या. शेवटी गणपतीच्या कारखान्यातल्या एका काकांना तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "दात कधी लावलेस?"

शाडू वाळताना आक्रसतो, एम-सील आक्रसत नाही. माती दाताभोवती आवळत जाते, दात जागचा हलत नाही, मग फाटते ती माती. तीही दाताच्या बाहेरच्या अंगाला, जिथे जबड्याची भिंत सगळ्यात पातळ असते. त्या भेगेत ओला शाडू भरू नका, तोही वाळून सुटतो.

म्हणून दात मुळासकट घडवा. मुळाला तेल लावून ओल्या मातीत रोवा, जरा गोल फिरवा आणि काढून घ्या. बोटाचा ठसा उठेनासा झाला की दात पुन्हा घालून बघा. अडकला तर भोक कोरून मोकळं करा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा बघा. दात हलका हलला पाहिजे. मगच एम-सीलने कायमचा बसवा. वाळेपर्यंत कवटीवर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, पंखा बंद. आठ-दहा दिवस लागतात, लागू द्या.

व्हिडिओ बघून हात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे. खरे दात बघायला खाटकाकडून बकऱ्याची मुंडी आणा. उकळू नका, दात तडकतात. झाकणाच्या बादलीत पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. वास भयंकर येतो, पण मांस गळलं की पुढचे दात हाताने निघतात आणि मूळ केवढं लांब असतं ते दिसतं. पूर्ण वाढलेल्या बकऱ्याला 32 दात. पुढचे आठही खाली, वर पुढे एकही नाही. नवखे तिथे हमखास दात लावतात.

लांडग्याला 42, कुत्र्याएवढेच. तोंड मिटलं की खालचा सुळा वरच्याच्या पुढे येतो. हे चुकलं तर बाकी कितीही सुबक करा, जबडा खोटाच दिसतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडग्याची खरी कवटी दिसली तरी उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

पहिल्या दोन-तीन कवट्या फुटतील. घाबरू नका, हात तयार होत असतो. फक्त तयार साच्याच्या नादी एवढ्यात लागू नका, साच्यातून दाताचं मूळ कधीच कळत नाही.

माझी चौथी कवटी जूनमध्ये वाळली. भेग एकच पडली, केसाएवढी, टाळूला. दातांपाशी नाही.