‘शेजारी दाबून पाहिलंस का?’

निद्रानाशात ॲक्युपंक्चरचे बिंदू दाबल्यावर जास्त दुखतात का, हे मोजायच्या संशोधनाच्या पहिल्याच आठवड्यात मी जाम खूश होते. रात्र-रात्र झोप न लागणाऱ्या एका बाईंच्या मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला मी अंगठा दाबला आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. हा शेनमेन, हृदय मेरिडियनवरचा सातवा बिंदू. (मेरिडियन म्हणजे ॲक्युपंक्चरमध्ये शरीरावर मानलेल्या वाहिन्या.) झोपेच्या तक्रारींत त्याचं नाव हमखास येतं. मी वहीत लिहिलं : ‘अतिसंवेदनशील’. गाईडनी नोंद वाचली आणि एवढंच विचारलं, “शेजारी दाबून पाहिलंस का?”

नव्हतं पाहिलं. पुढच्या भेटीत दोन बोटं पलीकडे, जिथं कुठलाच बिंदू नाही अशा जागी दाबलं. बाईंनी तिथूनही तसाच हात काढून घेतला.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न टेबलासमोर चिकटवून ठेवावा. आजारात काही बिंदू ‘जागे’ होतात, दाबल्यावर दुखतात, ही कल्पना जुनी आहे. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या चिनी वैद्याच्या लिखाणात दुखऱ्या जागेलाच बिंदू मानण्याची पद्धत दिसते. अशा बिंदूंना आ-शी म्हणतात. अर्थ साधारण ‘हां, इथंच!’ पण अडचण अशी, की अपुऱ्या झोपेने वेदनेचा उंबरठा तसाही खाली येतो, म्हणजे कमी दाबानेही दुखतं, आणि तो अंगभर येतो. म्हणजे निद्रानाश असलेल्या माणसाचा शेनमेन दुखला, तर ती बिंदूची गोष्ट की थकलेल्या मज्जासंस्थेची? नुसते रुग्णांचे आणि चांगली झोप असणाऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून हे कळत नाही. आधी एकाच माणसाच्या बिंदूतला आणि शेजारच्या जागेतला फरक काढायचा, मग तो फरक दोन्ही गटांत ताडून पाहायचा. शेजारची जागाही तशीच हवी. बिंदू हाडालगत आणि तुलनेची जागा मांसल, असं केलंत तर फरक हमखास मिळेल आणि त्याला काडीचा अर्थ नसेल.

बिंदू शोधणं मला सोपं वाटलं होतं. उदाहरणार्थ, पायावरचा सानयिनजिआओ हा बिंदू : आतल्या घोट्याच्या टोकापासून तीन त्सुन वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला. पण त्सुन हे माप रुग्णाच्या शरीराचं असतं. त्याच्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक, चार बोटं जोडून तीन. मी सवयीने माझीच बोटं लावत होते! जागतिक आरोग्य संघटनेचं २००८चं प्रमाण-पुस्तक जवळ ठेवा, त्यात ३६१ बिंदूंच्या जागा दिल्या आहेत. कानामागचा आनमियन मात्र तिथं शोधू नका. नावातच ‘शांत झोप’ असली तरी तो मेरिडियनबाहेरचा. अल्गोमीटरचं, म्हणजे किती दाबाला दुखतं ते मोजणाऱ्या उपकरणाचं, टोक साधारण १ चौरस सेंटिमीटरचं असतं, तेव्हा सेंटिमीटरभर चुकलात तर तुम्ही वेगळीच जागा मोजताय. दोघांनी एकमेकांच्या खुणा न पाहता बिंदू काढायचा आणि मग ताडायचा, हा सराव आम्ही बरेच दिवस केला. सुरुवातीला लाज वाटावी इतकी तफावत यायची.

दाब वाढवण्याचा वेग सारखा हवा. सेकंदाला एक किलो म्हणायला सोपं; मी साध्या वजनकाट्यावर अल्गोमीटर टेकवून, मेट्रोनोमच्या ठोक्यावर हात बसवला. रुग्णाला ‘सहन होईल तेवढं’ असं सांगू नका. “दाब जाणवतोय, तो ज्या क्षणी दुखायला लागेल त्या क्षणी ‘थांबा’ म्हणा,” असं सांगा आणि आधी दंडावर एकदा करून दाखवा. एकाच जागी लागोपाठ दाबलंत तर पुढचे आकडे बिघडतात, मध्ये विसावा द्या. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. मला माहीत होता, आणि नंतर व्हिडिओ पाहिला तेव्हा दिसलं, की रुग्णाच्या शेनमेनजवळ माझा हात आपोआप जपून चालायचा. ते सगळे आकडे टाकून द्यावे लागले.

निद्रानाश कोणाला म्हणायचं तेही आधी ठरवा. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने, हा जुनाट निद्रानाशाचा निकष. झोप कशी लागते ते तपासणारी पिट्सबर्ग प्रश्नावली मागच्या महिन्याबद्दल विचारते, तिचे गुण ० ते २१ आणि ५च्या वर गेले की झोप खराब. म्हणजे ती एकटी पुरत नाही, सोबत झोपेची डायरी लागतेच. झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या, मोजणीची वेळ, पाळीचा दिवस, सगळं लिहा. मान किंवा पाठ दुखते म्हणून झोप न येणारे वेगळे काढा, नाहीतर वेदनेनेच वेदना मोजत बसाल.

आणि शब्द जपून वापरा. “हृदय मेरिडियनवर दुखतंय” असं मी सहज बोलून गेले आणि समोरचे काका घाबरून म्हणाले, “म्हणजे हार्टचं काही आहे का?” त्या रात्री त्यांना नक्कीच झोप लागली नसणार. तेव्हापासून रुग्णासमोर मी फक्त ‘मनगटावरची जागा’ म्हणते.