वजन उतरलं, आता गड चढायचा

दहा-बारा किलो उतरले की दम लागणं आधी कमी होतं. गुडघे आणि टाचा मात्र मागून येतात. चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगीला पायी निघायचं असेल, तर तयारी पौषातच धरा.

आठवड्यातून चार दिवस सपाटीवर अर्धा तास चाला, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दोन दिवस जिना. गुडघे बोलतात ते उतरताना, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. म्हणून पायरीवर उभं राहून एक पाय तीन अंक मोजत सावकाश खाली टेकवा. दहा वेळा, मग दुसरा. टेकलेला नव्हे, वरचा गुडघा आत वळतोय का ते बघा. वळत असेल तर बुटकी पायरी घ्या.

जेवण फार तोडलं असेल तर चरबीबरोबर स्नायूही गेलेला असतो. कळण्याच्या भाकरीबरोबर घट्ट वरण, मठाची उसळ किंवा अंडी हवीतच. नुसत्या ठेच्यावर भागत नाही.

साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून डोस पुन्हा तपासून घ्या. जुन्याच डोसवर वाटेत चक्कर येऊ शकते, आणि उन्हाळ्यात ती उन्हाचीच वाटते.