आंब्याच्या हंगामाआधी फोनमध्ये करायची तयारी

पेटी वाशीच्या दलालाकडे न टाकता थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायची, असं ठरवलेल्या बहुतेक बागायतदारांचं इन्स्टाग्राम जागं होतं ते मार्चमध्ये, पहिली काढणी झाल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा माणसं, आढी (पिकवायला पेंढ्यात रचलेला आंबा), पेट्या, गाडी सगळं एकदम अंगावर येतं आणि त्यात फोनवर ‘दादा, रेट काय?’चा भडिमार. म्हणून पुढची सगळी तयारी मोहोराच्या दिवसांतली समजा. फार तर कैरी सुपारीएवढी होईपर्यंतची.

सुरुवात नंबरापासून. धंद्याचं सिम वेगळं घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. अ‍ॅप फुकट आहे. प्रोफाइलमध्ये गाव, तालुका, नकाशावरचं बागेचं ठिकाण आणि फोन उचलण्याची वेळ लिहा. वेळ लिहिली नाही तर लोक रात्री अकरालाही विचारतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. नेहमीच्या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये आधीच लिहून ठेवा: भाव, वजन, आंबा किती दिवसांत तयार होईल, गाडी कधी येते, पैसे कसे द्यायचे. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा. ऐन हंगामात खातं दुसऱ्याच्या हातात गेलं तर गिऱ्हाइकांकडे आगाऊ पैसे तुमच्याच नावाने मागितले जातात.

मग जुनी वही काढा. गेल्या वर्षी ज्यांनी पेटी घेतली ते लोक हजारो फॉलोअरपेक्षा मोलाचे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीत) एका वेळी २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. हे माहीत नसल्याने कितीतरी जण दोनशे लोकांना भाव पाठवतात आणि उत्तर का येत नाही म्हणून गप्प बसतात. तेव्हा जानेवारीत प्रत्येकाला वेगळा, नावानिशी मेसेज करा: यंदा मोहोर कसा आहे ते सांगा, नंबर सेव्ह करायला सांगा, भावाचे मेसेज हवेत का ते विचारा. नको म्हणणाऱ्याला यादीतून काढा.

फोटोंचा साठा हा यातला सगळ्यात गोड भाग आणि नेमका तोच राहून जातो. मोहोर, कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ), सुपारीएवढी कैरी, अंड्याएवढी कैरी, झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट उतरवलेलं फळ, पेंढ्यातली आढी असं टप्प्याटप्प्याने, सकाळच्या उन्हात, त्याच त्या दोन-तीन कलमांपाशी टिपत राहा. गिऱ्हाइकाला आपलं झाड ओळखू यायला लागतं. थ्रिप्स किडीने मोहोर करपला किंवा अवकाळी पावसाने फळ गळालं तर तेही दाखवा. एप्रिलमध्ये भाव का चढा आहे हे मग वेगळं समजावावं लागत नाही. नेटवरून उचललेला फोटो मात्र एकही नको. पिवळाधमक, एकसारखा आंबा दाखवायचा आणि पेटीत हिरवट, लहानमोठा पाठवायचा, यात पहिली पेटी जाते पण दुसरी जात नाही.

शब्दांचीही तयारी लागते. फवारणी करत असाल तर ‘ऑरगॅनिक’ लिहू नका. त्याला सहसा प्रमाणपत्र लागतं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘कार्बाइड-फ्री’ ही खरं तर बढाई नव्हेच. ‘पेंढ्याच्या आढीत पिकवलेला’ हे जास्त काही सांगतं, अर्थात तसा पिकवत असाल तर. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. पण जिल्ह्यात बाग आहे एवढ्यावर ते चिन्ह पेटीवर छापता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी लागते. ती झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो इन्स्टाग्रामवर वरच पिन करून ठेवा. कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो हे गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे, आणि त्याच्या मनातला पहिला प्रश्न भावाचा नसतो, खरेपणाचा असतो.

भाव उघड लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ ही पद्धत मला अजिबात पटत नाही. त्यात गिऱ्हाईकही दमतं आणि आपणही. ‘डझन अमुक रुपये’ एवढंही पुरत नाही, फळाचं वजन सांगा: दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा वेगळा भाव, त्यावरचा वेगळा. भाव आठवड्याला बदलणारच, म्हणून तारीख घालून एकच पोस्ट टाका आणि जुनी उतरवा. पाडव्याच्या पेटीचा आगाऊ शब्द देण्याआधी झाडाकडे बघा. पाडव्याला फळ तयार असेलच असं नाही, आणि अक्षय्य तृतीयेला तर सगळ्यांनाच एकदम हवा असतो. कोणत्या शहराची गाडी कोणत्या वारी, कुठल्या भागात घरपोच आणि कुठे नाक्यावर येऊन न्यायचं, हे कागदावर ठरल्याशिवाय ऑर्डर उघडू नका.

तक्रारीचं उत्तरही आजच ठरवा. साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, त्यामुळे चांगल्यातल्या चांगल्या बागेतूनही तो जाणार. कापलेल्या फळाचा फोटो आला की तितकी फळं पुढच्या गाडीने किंवा तितके पैसे परत, असा नियम आधीच लिहून टाका. कोणी उघड कमेंटमध्ये रागावलं तर कमेंट पुसू नका, तिथेच उत्तर द्या. बाकीचे वाचत असतात.

पैशांचं थोडक्यात. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचा मेसेज किंवा खात्यातली नोंद पाहूनच पेटी बांधा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. लष्करातला अधिकारी असल्याचं सांगून मोठी ऑर्डर देणारा आणि ‘हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांनाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी फोन त्यांच्याकडेच असतो.

जाहिरातीवर खर्च सगळ्यात शेवटी. करायचाच तर अख्ख्या महाराष्ट्राला नको. जिथे तुमची गाडी थांबते त्या दोन-तीन उपनगरांपुरता, तोही काढणीला आठवडा उरला असताना, आणि बटण थेट व्हॉट्सअ‍ॅपवर उघडणारं. रीलला लाखभर लोक बघून जातील, पण त्यातले निम्मे आंबा पोचवता येणार नाही अशा गावांतले निघतात. त्यापेक्षा एखाद्या सोसायटीत दोन पेट्या घेणाऱ्या काकूंना विचारा, तुमच्या ग्रुपवर आमचा भाव टाकाल का. हो म्हणाल्या तर त्या एका इमारतीची गाडी भरते.

आणि मे अखेरीची पोस्ट आत्ताच लिहून ठेवा: हंगाम संपला, आता पैसे पाठवू नका. पाऊस तोंडावर आला की ती लिहायला कोणाला सुचत नाही.