बी तपासण्याआधी पाणी तपासा: बीजपरीक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी

मिरगाच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरचं सोयाबीन आणि भाताचं बी तपासून घ्यायची एकच घाई उडते. बी.एस्सी. ॲग्री किंवा वनस्पतिशास्त्र करून प्रयोगशाळेत आलेली मुलं नेमकी याच दिवसांत कामाला जुंपली जातात. नमुना नापास झाला की खापर फुटतं बियाण्यावर. पुष्कळदा दोष पाण्यात असतो, म्हणून पाण्याबद्दलच जरा जास्त लिहितो.

त्याआधी नमुना. शेतकऱ्याने वरच्या पोत्यातून ओंजळभर आणलेलं बी म्हणजे नमुना नव्हे. ५ पोत्यांपर्यंत प्रत्येक पोत्यातून, ६ ते ३० पोती असतील तर दर ३ पोत्यांमागे एकातून (पण ५ पेक्षा कमी ठिकाणांहून नको), ३१ च्या पुढे दर ५ मागे एकातून (पण १० पेक्षा कमी नको) बी काढायचं. सोयाबीनचा नमुना १ किलो लागतो. टोकदार नळी पोत्यात खुपसताना तिचं भोक खाली ठेवा, आत गेल्यावर अर्धा वळसा देऊन वर करा आणि सावकाश ओढा. जोर लावला की सोयाबीनची साल तडकते, आणि ती तड पुढे उगवणीच्या आकड्यात दिसते.

उगवण चाचणीला ४०० दाणे, १०० चे चार भाग. निवडून चांगले दाणे घेऊ नका. शुद्ध बियांतून हाताला येतील तसे मोजा. सोयाबीनसाठी टॉवेल पेपरची गुंडाळी आणि २५ अंश सेल्सिअस तापमान. आता पाणी किती? कोरा कागद तोला आणि त्याच्या वजनाच्या सुमारे अडीच पट पाणी द्या; १०० ग्रॅम कागदाला २५० मिली. कागद नळाखाली धरून भिजवायची सवय लागली की दोन गुंडाळ्या कधीच सारख्या होत नाहीत. ओला कागद बोटाने दाबून बघा. बोटाभोवती पाण्याची कड उभी राहिली तर पाणी जास्त झालं.

जास्त पाण्याने काय बिघडतं? ८-९ टक्के ओलाव्याचा कोरडा दाणा पाणी घटाघट ओढतो, त्या झपाट्यात पेशींची पटलं फाटतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी धरते. पाचव्या दिवशी गुंडाळी उघडली की काळी-हिरवी बुरशी दिसते आणि नवखा माणूस शेरा मारतो, "बी रोगट". उन्हाळ्यात फार सुकून आलेलं बी असेल तर ते आधी झाकणाच्या डब्यात, तळाशी पाणी आणि वर जाळी अशा रीतीने, पाण्याला न टेकवता एक दिवस ठेवा. मग चाचणी लावा.

पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची आठव्या. कोंब दिसला म्हणजे उगवलं असं नाही. मूळ खुंटलेलं, खोड चिरलेलं किंवा बीजदलांचा अर्ध्याहून जास्त भाग सडलेला असेल तर ते रोप विकृत धरतात, उगवणीत नाही. शिवाय चारही भागांचे आकडे शेजारी मांडून पाहा. ७८, ७४, ७१ आणि ५७ आले तर सरासरी ७० भरते आणि सोयाबीनची किमान मर्यादाही ७० च आहे, म्हणून पास करायचा मोह होतो. पण या सरासरीला सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक १८ पर्यंतच चालतो. इथे तो २१ आहे. चाचणी पुन्हा लावा.

पाणी खरं शुद्ध करून घ्यावं लागतं ते विद्युतवाहकतेच्या चाचणीला. कमकुवत बी पाण्यात जास्त क्षार सोडतं, ते मीटरवर मोजायचे. म्हणजे मुळात पाण्यातच क्षार असले तर सगळंच मुसळ केरात. कँडलचा फिल्टर गाळ अडवतो, विरघळलेले क्षार नाही. आर.ओ. पुष्कळ अडवतो, तरी या चाचणीला त्याचं पाणी सहसा पुरत नाही. ऊर्ध्वपातित (वाफ करून थंड केलेलं) किंवा क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून काढलेलं पाणी घ्या आणि रोज सकाळी मीटर बुडवा: ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या वर आकडा गेला की पाणी वापरू नका. रेझिन संपत आलं तरी पाणी दिसायला काचेसारखंच राहतं, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास नको.

५० दाणे शतांश ग्रॅमपर्यंत तोला, २५० मिली पाण्यात २० अंशांवर २४ तास झाकून ठेवा. असे चार भाग, आणि सोबत नुसत्या पाण्याची दोन भांडी. दाणे काढायला स्वच्छ प्लॅस्टिकची जाळी पुरते. फिल्टर पेपर वापरलाच तर नुसतं पाणीही त्याच कागदातून गाळा, कारण कागदही थोडे क्षार सोडतो. दाण्यांच्या भांड्याचा मीटरवरचा आकडा ६२४, नुसत्या पाण्याचं ४ आणि दाण्यांचं वजन ६.२० ग्रॅम असेल तर ६२० भागिले ६.२०, म्हणजे दर ग्रॅमला १००. दोन लॉटची तुलना याच आकड्यावर करा. जास्त आकड्याचा लॉट आधी पेरायचा किंवा पेरायचाच नाही. औषध लावलेलं बी या चाचणीला घेऊ नका.

घाई असेल तेव्हा टेट्राझोलियम, म्हणजे दाण्याचा जिवंत भाग लाल रंगवणारं रसायन. सोयाबीन ओल्या कागदात २५ अंशांवर १६ तास, मग ०.०७५ टक्के द्रावणात ३५ ते ४० अंशांवर, अंधारात, अडीच-तीन तास. १ टक्क्याचं द्रावण तयार असेल तर त्याचे ७५ मिली घेऊन लिटरभर करा. पीएच ६.५ ते ७.५ हवा, आम्ल पाण्यात जिवंत दाणाही पांढरा राहतो. फिकट गुलाबी, कडक भाग जिवंत. गडद लाल म्हणजे खंगलेला. पांढरा, मऊ म्हणजे मेलेला.

खानापूरकडे भाताचं बी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून निवडतात: तरंगतं ते काढायचं, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. पद्धत चांगली आहे. पण पेरणीचं सगळं बी तसं निवडणार नसतील तर निवडलेलं बी तपासायला पाठवू देऊ नका, नाहीतर अहवाल एका बियाचा आणि पेरणी दुसऱ्याची.

अहवाल कन्नड किंवा इंग्रजीत निघतो, शेतकरी मात्र मराठीत विचारतो, "पेरू का नको?" कन्नड वाचता-लिहिता येणं या कामात अटळच, पण उत्तरही तयार ठेवा. ७० टक्के उगवणीला सोयाबीन एकरी ३० किलो लागतं. उगवण ६२ आली तर ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे ३४ किलो. साठच्या खाली असेल तर किलो वाढवत बसू नका. रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या केंद्रात) दुसरं बी शिल्लक आहे का ते आधी विचारायला सांगा.